दर्याचे पाहुणे

अकोला शहराच्या मधून मोर्णा नदी वाहते. नदीच्या पश्चिमेस जुने शहर आहे. असदगडाचे बुरूज, राजराजेश्वराचे प्राचीन देवालय आणि त्यांच्याभोवती अरुंद गल्ल्यांतून दाटीने उभी असलेली घरे, हे या वस्तीचे रूप. श्रावणातील शेवटच्या सोमवारी येथील रहिवासी गांधीग्राम येथून पूर्णा नदीचे पाणी कावडीत भरून आणतात आणि त्या पाण्याने राजराजेश्वराला अभिषेक करतात. नदीविषयी जुन्या शहराच्या मनात अशी पूर्वापार भक्ती आहे; परंतु समुद्र मात्र येथील पुष्कळांनी चित्रातच पाहिलेला असतो.

याच वस्तीतील एका शाळेच्या सातवीच्या वर्गाची सहल एका वर्षी मार्गशीर्षात कोकणात निघाली. वर्गातील सर्वांत लहान मुलगा आपल्या आजीजवळ राहत असे. आजीचे सारे आयुष्य मोर्णेच्या काठी गेले होते. नातू समुद्र पाहायला जाणार हे ऐकून तिने विचारले, “लय दूर हाय काय रे बाप्पा, समुद्र?”

“फार दूर, आजी! एक रात्र आणि एक दिवस जावे लागते,” नातू ऐटीने म्हणाला.

आजीने त्याच्या हाती पन्नास रुपयांची एक नोट आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक नारळ दिला. ती म्हणाली, “समुद्राले माहा नारय वाहाजो. इसरू नोको.”

रात्रीच्या गाडीने मुले निघाली. सकाळ झाल्यावर गुरुजींनी डब्यातच नकाशा उलगडला आणि विचारले, “मुलांनो, आपली मोर्णा शेवटी कोठे जाते?”

“पूर्णेला मिळते,” एक मुलगी म्हणाली.

“आणि पूर्णा?”

मुलांची बोटे नकाशावरून सरकू लागली. पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. तापी पश्चिमेकडे वाहत जाते आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात प्रवेश करते. ज्या समुद्राच्या दर्शनाला मुले निघाली होती, तोच हा समुद्र! वाटेत कोठे धरण लागते, कोठे कालव्यांनी पाणी शेतांत जाते. पण जे उरते ते अखेर समुद्रालाच मिळते.

“म्हणजे मोर्णा आपल्याआधीच तेथे पोचली की!” नातू म्हणाला, आणि सारी मुले हसली.

मुंबईस गाडी बदलून मुले कोकण रेल्वेने कुडाळला उतरली आणि तेथून मालवणला गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. मालवणच्या समोर समुद्रात कुरटे नावाचे खडकाळ बेट आहे. इ. स. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या बेटावर हा जलदुर्ग बांधण्यास आरंभ केला. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चारी बाजूंना खारे पाणी, आणि विहिरीत मात्र गोडे! मुलांना मोठे नवल वाटले. वऱ्हाडात पूर्णेच्या काठी खारपाणपट्टा आहे. तेथे समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी विहिरींचे पाणी खारट. सृष्टीची ही उलटी गंमत वऱ्हाडातील मुलांना जितकी कळली तितकी दुसऱ्या कोणाला क्वचितच कळली असती.

संध्याकाळी तटावर उभे राहून मुले समुद्र पाहत होती. नांगरलेली काळी जमीन क्षितिजापर्यंत पसरावी तसे ते पाणी दिसत होते, आणि खडकांवर फुटणारा फेस उमललेल्या कापसासारखा पांढराशुभ्र होता. “उद्या सकाळी आपण या घराच्या मालकांना भेटायला जाऊ,” गुरुजी म्हणाले. ते मालक म्हणजे डॉल्फिन होत.

त्या रात्री गुरुजींनी मुलांना डॉल्फिनची ओळख करून दिली. डॉल्फिन आणि देवमासा हे एकाच मोठ्या कुळातले प्राणी आहेत. देवमाशाला आपण मासा म्हणतो खरे, पण तो मासा नव्हे. मासा कल्ल्यांनी पाण्यातील प्राणवायू घेतो. डॉल्फिनला आणि देवमाशाला आपल्यासारखी फुप्फुसे असतात. त्यांचे रक्त उष्ण असते. ते अंडी घालत नाहीत, पिलांना जन्म देतात आणि आई पिलाला दूध पाजते. घर पाण्यात, पण श्वास मात्र हवेतला, असा त्यांचा संसार आहे. म्हणून त्यांना पुनःपुन्हा पाण्यावर यावे लागते. त्यांचे नाक तोंडाजवळ नसून डोक्याच्या वरच्या बाजूस असते. पाण्यावर येताच ते जोराने उच्छ्वास टाकतात, ताजी हवा घेतात, नाक बंद करतात आणि पुन्हा बुडी मारतात.

“मग ते झोपतात केव्हा?” एका मुलाने विचारले. “झोप लागली तर बुडून जातील!”

“त्यांच्या मेंदूचा एक भाग झोपतो तेव्हा दुसरा जागा राहतो,” गुरुजी म्हणाले. “जागा भाग श्वासाची आठवण ठेवतो.”

दुरून मासा आणि डॉल्फिन कसे ओळखावेत, हेही गुरुजींनी सांगितले. त्यांनी आपला पंजा उभा धरून डावीकडे-उजवीकडे हलवला. “माशाचे शेपूट असे उभे असते.” मग त्यांनी पंजा आडवा केला आणि खाली-वर हलवला. “आणि डॉल्फिनचे असे आडवे. म्हणूनच तो पोहताना पाठ कमानीसारखी वाकवून वर येतो आणि खाली जातो.” मग अंथरुणावर पडल्या पडल्या सारी मुले आपापले पंजे हलवून पाहू लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुले देवबागला पोचली. येथे कर्ली नदी समुद्राला मिळते. नदी आपल्याबरोबर गाळ आणि अन्नकण आणते, त्यांवर लहान मासे पोसतात आणि त्या माशांच्या मागे डॉल्फिन येतात. या किनाऱ्यालगत जे डॉल्फिन विशेष आढळतात, त्यांच्या पाठीवर उंचवटा असतो. मराठीत त्यांना कुबडवाले डॉल्फिन म्हणता येईल. त्यांचा रंग शिशासारखा करडा, लांबी सुमारे अडीच मीटर आणि मुस्कट चोचीसारखे पुढे आलेले असते. ते खोल समुद्रात फारसे जात नाहीत. खाड्यांची मुखे आणि किनाऱ्याजवळचे उथळ पाणी हेच त्यांचे घर. आणि माणसाची जाळी, होड्या व सांडपाणी हीदेखील त्याच पाण्यात असतात. त्यामुळे या जातीचे अस्तित्व आज जगभर धोक्यात आले आहे.

मुलांच्या तुकड्या पाडण्यात आल्या. प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घातले. नातवाच्या होडीत दहा मुले, गुरुजी आणि होडीचा वयस्क तांडेल होता. तांडेलाचा चेहरा उन्हाने रापलेला होता आणि त्याचे डोळे सतत पाण्यावरून फिरत होते. निघण्यापूर्वी त्याने गुरुजींना स्पष्ट सांगितले, “गुरुजी, दिसतील असे वचन मी देत नाही. ते माझ्या गोठ्यातली गुरे नव्हेत.”

होडी निघाली. हवेत गारवा होता. मागे माडांची रांग हळूहळू लहान होत गेली. काही वेळाने दूर पाण्यावर कुरव पक्षी घिरट्या घालताना दिसले. तांडेल म्हणाला, “खाली मासळी आहे. मासळी आहे तेथे ते असतील.” त्याने होडीचा वेग कमी केला.

इतक्यात समोर पाण्यातून एक करडी पाठ वर आली, वाकली आणि नाहीशी झाली. तिच्या मागे दुसरी. काळ्या रानातून वखर चालावी तशी ती पाठ पाण्यातून सरकली. मुलांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. “डॉल्फिन! डॉल्फिन!” ती ओरडू लागली, टाळ्या पिटू लागली, सारी एकाच बाजूला धावली. होडी कलली. तांडेलाने दरडावून त्यांना बसवले. पण तोवर पाणी रिकामे झाले होते.

एवढ्यात प्रवाशांनी भरलेली दुसरी एक होडी मोठा आवाज करत बाजूने गेली. दूरवर पुन्हा एक पाठ दिसताच ती होडी भरधाव तिकडे धावली. डॉल्फिन बुडाले आणि आणखी पुढे निघाले. होडी पुन्हा त्यांच्या मागे लागली.

“काका, आपणही जाऊ या ना! ते लोक पुढे जाऊन पाहतील आणि आपण येथेच राहू,” मुले विनवू लागली. नातवाने खिशातून आजीने दिलेली पन्नासाची नोट काढली आणि ती तांडेलापुढे धरली. “काका, हे जास्तीचे पैसे घ्या, पण जवळ न्या.”

तांडेलाने नोटेकडे पाहिले, मग मुलाकडे पाहिले. त्याने ती नोट घडी करून पुन्हा मुलाच्या खिशात घातली आणि इंजीन बंद केले.

एकाएकी सगळीकडे शांतता पसरली. होडीच्या फळ्यांवर पाणी चुळचुळत होते, तेवढाच आवाज. तांडेल हळू आवाजात म्हणाला, “पोरांनू, वायच गप ऱ्हवा.”

मुले निराश झाली. पण गुरुजींनी त्यांना एक प्रश्न विचारला. “आपल्याकडे कावडीच्या दिवशी ढोलांचा गजर चालू असतो. त्या गर्दीत तुमचा हात सुटला आणि आईने हाक मारली, तर ती तुम्हांला ऐकू येईल का?”

“कशी येईल? ढोलांपुढे काहीच ऐकू येत नाही,” मुले म्हणाली.

“या प्राण्यांचेही तसेच आहे. गढूळ पाण्यात दूरचे दिसत नाही, म्हणून डॉल्फिन आवाजाने पाहतो. तो टकटक असे बारीक आवाज काढतो. ते आवाज माशांवर, खडकांवर आपटून परत येतात आणि त्या प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते त्याला कळते. परत येणारा आवाज तो खालच्या जबड्यातून कानापर्यंत नेतो. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. आई आणि पिलू एकमेकांना ओळखतात तीही आवाजाने. अशा वेळी भोवती इंजिनांचा गोंगाट झाला तर?”

कोणी उत्तर दिले नाही. दूर ती दुसरी होडी अजून धावत होती. तिच्यापुढे पाणी रिकामेच होते.

पाच मिनिटे गेली. दहा मिनिटे गेली. मुलांना इतका वेळ स्तब्ध बसण्याची सवय नव्हती. कोणाच्या पायाला मुंग्या आल्या, कोणाला शिंक आली ती त्याने दाबून धरली. नातवाच्या मनात आले, की आता काही दिसणार नाही आणि आजीला काय सांगायचे?

तेवढ्यात होडीच्या अगदी जवळ ‘फुस्स’ असा आवाज झाला. कोणी थकून सुस्कारा टाकावा तसा तो आवाज होता. सर्वांनी वळून पाहिले. एक मोठा डॉल्फिन पाण्यावर आला होता, आणि त्याच्या कुशीला लागून एक चिमुकले पिलू. आई वर आली की पिलूही वर येई. आई बुडाली की पिलूही बुडे. पिलाला अजून पाठ नीट वाकवता येत नव्हती. ते डोके जरा जास्तच वर काढी आणि मग धपकन पाण्यात पडे.

“इले, इले,” तांडेल पुटपुटला. त्याने हा देखावा शेकडो वेळा पाहिला असेल, तरी त्याच्या चेहऱ्यावर मुलांइतकाच आनंद होता.

मागोमाग आणखी तीन-चार पाठी दिसल्या. एकजण होडीच्या खालून गेला आणि दुसऱ्या बाजूस वर आला. कोणी ओरडले नाही. कोणी जागचे हलले नाही. एका मुलीने शेजारणीचा हात घट्ट धरला होता, एवढेच. थोड्या वेळाने तो कळप आपल्या वाटेने नदीच्या मुखाकडे निघून गेला.

मग मुलांना कंठ फुटला. “काका, ते आपल्याला भीत नाहीत?” नातवाने विचारले.

“आपण त्यांच्या घरात आलो आहोत,” तांडेल म्हणाला. “पाहुणा दारात शांत उभा राहिला, तर घरचा माणूस बाहेर येऊन पाहतो. पाहुणाच घरात घुसून धावू लागला, तर घरचा माणूस पळून जाईल.”

परत येताना तांडेलाने आपली हकिकत सांगितली. त्याचे वडील मासेमारी करत. डॉल्फिन जाळ्यातली मासळी पळवतात, कधी जाळेही फाडतात, म्हणून वडिलांना ते वैरी वाटत. तांडेलालाही लहानपणी तसेच वाटे. पुढे एकदा त्याच्या जाळ्यात एक मादी अडकली. ती श्वासासाठी वर येण्याची धडपड करत होती आणि तिचे पिलू जाळ्याभोवती घिरट्या घालत होते. डॉल्फिन पाण्यातला असला, तरी जाळ्यात खाली अडकला की गुदमरून मरतो. जाळे नवे होते, त्याचे पैसे अजून फिटायचे होते. तांडेलाने क्षणभर विचार केला आणि सुरी काढून जाळे कापले.

“मग नुकसान झाले असेल,” गुरुजी म्हणाले.

“झाले ना! दोन महिने दुसऱ्याच्या होडीवर राबलो,” तांडेल हसून म्हणाला. “पण त्या पिलाची धडपड डोळ्यांसमोरून जाईना. आता मासळी कमी मिळते त्या दिवसांत यांच्याचमुळे घरात चूल पेटते. वैरी म्हणत होतो, तेच अन्नदाते झाले.”

गुरुजींनी मुलांना सांगितले, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने डॉल्फिन आणि देवमासे यांना मारण्यास वा पकडण्यास मनाई आहे. परंतु गरीब कोळ्याने केवळ कायद्यासाठी आपले जाळे कापावे, ही अपेक्षा सोपी नाही. हे जाणून महाराष्ट्र शासनाने २०१८ साली एक योजना केली. संरक्षित जलचराला सोडण्यासाठी ज्याला जाळे कापावे लागते, त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. दया आणि उदरनिर्वाह यांची अशी सांगड घातली, तरच दया टिकते.

“देवमासेही येथे येतात का?” एका मुलाने विचारले.

“येतात, पण ते बहुधा खोल पाण्यात राहतात. २०१५ साली येथून उत्तरेस कुणकेश्वरजवळच्या समुद्रात संशोधकांना नील देवमाशाची मादी आणि तिचे पिलू दिसले होते. नील देवमासा हा पृथ्वीवरील सर्वांत मोठा प्राणी. पूर्ण वाढलेला असला, तर एस. टी.च्या जवळजवळ तीन गाड्या एकामागे एक उभ्या कराव्यात इतका लांब! आणि एवढा मोठा असून तो खातो काय, तर झिंग्यासारखे इवलेसे जीव.”

या प्रचंड प्राण्यांवर माणसाने मोठे संकट आणले होते. त्यांच्या चरबीपासून तेल निघे. त्या तेलावर दिवे जळत आणि साबण तयार होई. विसाव्या शतकात सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अखेर राष्ट्रांचे डोळे उघडले. १९७९ साली हिंदी महासागर हा देवमाशांसाठी अभय क्षेत्र म्हणून ठरवण्यात आला आणि १९८६ पासून व्यापारासाठी त्यांची शिकार करण्यावर आंतरराष्ट्रीय बंदी अमलात आली. ज्या नावा पूर्वी भाले घेऊन त्यांच्या मागे जात, त्यांच्या जागी आता पाहणाऱ्यांच्या नावा जाऊ लागल्या. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९५५ साली एक डॉलर घेऊन करडे देवमासे दाखवण्याची सफर सुरू झाली. आज श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील मिरिस्सा गावाहून नील देवमासे पाहण्यासाठी लोक समुद्रात जातात. मारण्यापेक्षा पाहणे केव्हाही चांगले. पण पाहण्यालाही मर्यादा हवी. ऑस्ट्रेलियात नावेने डॉल्फिनपासून ५० मीटर आणि देवमाशापासून १०० मीटर अंतर राखावे, असा दंडक आहे. नाव थांबलेली असता तो प्राणी होऊन जवळ आला, तर ती त्याची मर्जी.

“गुरुजी, एक मोठा हौद बांधून डॉल्फिन अकोल्यालाच आणले तर? आजीलाही पाहता येतील,” नातू म्हणाला.

“काही देशांत तसे हौद आहेत. पण भारत सरकारने २०१३ साली अशा हौदांना परवानगी देऊ नये असे ठरवले. रोज कित्येक किलोमीटर पोहणारा जीव चार भिंतींत कसा सुखी राहील? तेथे त्याचाच आवाज भिंतींवर आपटून त्याच्याकडे परत येत राहतो.”

किनारा जवळ आला तेव्हा नातवाला आजीचा नारळ आठवला. गुरुजींच्या अनुमतीने त्याने तो पिशवीतून काढला, कपाळाला लावला आणि हळूच पाण्यात सोडला. ज्या श्रावणात जुन्या शहराची माणसे पूर्णेचे पाणी आणायला जातात, त्याच श्रावणात नारळी पौर्णिमेस किनाऱ्यावरचे कोळी समुद्राला नारळ अर्पण करतात. वऱ्हाडच्या आजीचा नारळ कोकणच्या लाटांवर डुलू लागला. सर्वांनी हात जोडले.

एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि नातवाच्या हातातील रिकामी पिशवी उडून पाण्यात पडली. “जाऊ द्या, पिशवीच तर होती,” कोणी म्हणाले. पण तांडेलाने एक शब्दही न बोलता होडी वळवली. पिशवी लाटांवर पुढे पुढे जात होती. दोनदा ती हाती येता येता निसटली. तिसऱ्या खेपेस तांडेलाने वल्ह्याने ती ओढून घेतली, पिळली आणि नातवाच्या हाती दिली.

“पिलू खेळता खेळता असे काहीतरी गिळते,” तो म्हणाला. “पोटात गेलेले प्लास्टिक पचत नाही, बाहेरही पडत नाही. जाळे मला दिसते, म्हणून ते मी कापू शकतो. पोटातली पिशवी मी कशी कापू?”

नातवाची मान खाली गेली. ती ओली पिशवी त्याने घडी करून खिशात ठेवली. नोट आणि पिशवी शेजारी शेजारी राहिल्या.

सहल संपली आणि मुले अकोल्यास परतली. आजी दारातच उभी होती. “पाह्यला काय रे समुद्र? त्या मोठ्या माशाइले किती जवयून पाह्यलं?”

“ते मासे नाहीत, आजी. आणि आम्ही त्यांच्या जवळ गेलोच नाही,” नातू म्हणाला. “आम्ही गप्प बसलो, तेव्हा तेच आमच्याजवळ आले.” मग त्याने आईच्या कुशीला बिलगलेल्या पिलाची, कापलेल्या जाळ्याची आणि लाटांवर डुलणाऱ्या नारळाची सारी हकिकत सांगितली. ऐकता ऐकता आजीचे डोळे पाणावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने देवपूजा केली. सुकलेली फुले, बेलाची पाने आणि तुळशी तिने नेहमीप्रमाणे एका प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या आणि ती मोर्णेकडे निघाली. याच मोर्णेची घाण काढण्यासाठी २०१८ च्या जानेवारीत अकोल्याचे हजारो नागरिक नदीकाठी उतरले होते; आजीनेही त्या वेळी लोकांचे कौतुक केले होते. तरी वर्षानुवर्षांची सवय सहज जात नाही.

नातू धावत तिच्यामागे गेला. “आजी, निर्माल्य नदीत टाकू नको.”

“काऊन? देवाचं हाय ते.”

“फुले देवाची आहेत, पिशवी नाही. मोर्णेत टाकलेली पिशवी पूर्णेत जाते, पूर्णेतून तापीत आणि तापीतून समुद्रात. तेथे ते पिलू आहे.”

आजी नदीकडे पाहत क्षणभर उभी राहिली. मग ती मागे फिरली. अंगणातल्या बेलाच्या बुंध्याशी तिने निर्माल्य ओतले, वर मूठभर माती सारली आणि रिकामी पिशवी नातवाच्या हाती दिली.

“तू त म्हने समुद्र लय दूर हाय,” ती म्हणाली. “हा त आपल्या दारातच हाय, बाप्पा!”

शब्दार्थ

तांडेल – होडीचा प्रमुख नावाडी
कुरव – समुद्रकिनारी राहणारा एक पक्षी
वखर – पेरणीपूर्वी जमीन सारखी करण्याचे अवजार
अभय क्षेत्र – जेथे प्राण्यांना मारण्यास मनाई असते तो प्रदेश
दंडक – नियम
निर्माल्य – देवाला वाहिलेली व नंतर उतरवलेली फुले-पाने
काऊन (वऱ्हाडी) – का, कशासाठी
वायच (मालवणी) – थोडे, जरा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोर्णेचे पाणी कोणकोणत्या नद्यांतून समुद्राला मिळते?
(आ) डॉल्फिनला पुनःपुन्हा पाण्यावर का यावे लागते?
(इ) नील देवमासा काय खातो?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तांडेलाने पन्नास रुपयांची नोट परत का केली असेल?
(आ) ‘वैरी म्हणत होतो, तेच अन्नदाते झाले,’ असे तांडेल का म्हणाला?
(इ) ‘जाळे मला दिसते, म्हणून ते मी कापू शकतो,’ या वाक्यातील अर्थ स्पष्ट करा.

३. कारणे द्या.
(अ) देवमासा हा मासा नव्हे.
(आ) इंजिनांच्या आवाजाचा डॉल्फिनला त्रास होतो.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
पारावार न राहणे, कंठ फुटणे, डोळे उघडणे, सांगड घालणे.

५. पाठातील आजीची वऱ्हाडी बोलीतील वाक्ये शोधा आणि ती प्रमाण मराठीत लिहा.

६. आपल्या गावाजवळील नदी, ओढा किंवा नाला यांचे पाणी अखेर कोणत्या समुद्राला मिळते, ते नकाशावरून शोधा आणि त्या प्रवासाचे वर्णन करा.